सुका काथ्या ओढायचा नाय

फोन आला तेव्हा माझ्या हाताखाली एका मुलीचं अर्धं डोकं झालं होतं. उजव्या बाजूला केस सरळ करायचं क्रीम लावलेलं, डावी बाजू राहिलेली. पलीकडून सानिका, वनिताची मुलगी, एवढंच बोलली, "मावशी, आई गेली." लेप्टोचं निदान झालंय, पनवेलला नेलंय, हे दोन दिवसांपूर्वी कळलं होतं. पण दर पावसाळ्यात आमच्याकडे कुणाला ना कुणाला तो ताप होतो आणि बहुतेक जण उठून शेतात जातात, त्यामुळे तीही उठेल असंच आम्ही धरून चाललो होतो. मी फोन ठेवला... आणि डावी बाजू लावायला घेतली. हे सांगितलं की लोक माझ्याकडे जरा विचित्र बघतात. पण क्रीम लावलेलं डोकं सोडून उठता येत नाही, मिनिटं मोजून ते धुवावंच लागतं, नाहीतर केस जातात. हे माझ्याइतकं पेण तालुक्यात कुणाला माहीत असणार? ती मुलगी आरशातून विचारत होती, "ताई, काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही. मान सरळ ठेव." तिचं डोकं पूर्ण करून, शटर ओढून मी स्टेशनवर गेले आणि रोह्याच्या गाडीत बसले. कासू गेलं, नागोठणं गेलं, निडी आलं, वनिताचं सासर. रडू काही आलं नाही. डोक्यात एकच चाललं होतं : आता तिथे वनीची आई असणार, आणि मला तिच्यासमोर उभं राहावं लागणार.

ते तसं का, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचायला सोपं जाईल. वनिताचे केस वीसेक वर्षांपूर्वी माझ्या हातून गेले. चूक माझी होती, आणि ती मला चूक करतानाच ठाऊक होती. पण भर मांडवात, पंधरा बायकांसमोर, मी ती वनीच्या आईवर ढकलली. त्यानंतर मी जोह्याला पाऊल टाकलं नाही. पेणहून जोहे म्हणजे एसटीने किती? तिकीट काढून बसेपर्यंत गाव येतं.

वनिता जोह्याची. गणपतीच्या कारखानदाराची मुलगी. तिच्या घरी माजघरापासून गोठ्यापर्यंत गणपतीच असायचे, माणसं उरलेल्या जागेत. पेणच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. तिचे केस म्हणजे... कुरळे म्हणणं कमीच. एकेक केस स्प्रिंगसारखा वळलेला, आणि त्यात कारखान्यातली प्लास्टरची पांढरी भुकटी. प्लास्टरची मूर्ती मजबूत व्हावी म्हणून साच्यात आतून नारळाचा काथ्या लावतात, तर तिच्या वडिलांनी लेकीचं नावच "काथ्या" ठेवलेलं. ते लाडाने म्हणायचे, पण गावाने उचललं, मग शाळेने. रोज सकाळी तिची आई, म्हणजे काकी, कंगवा घेऊन मागे बसायच्या आणि वनी ओरडायची. वाटीभर तेल ओतून, ओढून, दोन घट्ट वेण्या. दुपारच्या सुट्टीपर्यंत त्या वेण्यांतून केस बंड करून बाहेर. बाई म्हणायच्या, "पाटील, केस विंचरून येत जा." ती विंचरूनच आलेली असायची हो! डोळ्यांत पाणी यायचं तिच्या, पण बोलायची नाही काही. उलट बोलणं हा माझा प्रांत होता, तिचा नाही.

पुढे मी पनवेलला ब्युटी पार्लरचा कोर्स केला आणि पेणमध्ये एका गाळ्यात खुर्ची टाकली. त्याच सुमाराला वनीचं लग्न ठरलं, निडीला. घरची भातशेती, मुलगा धाटावला कंपनीत, शिफ्टची नोकरी, माणसं चांगली. बघायला आले तेव्हा काकींनी तिच्या केसांचा असा घट्ट अंबाडा बांधला होता की तिच्या भुवया वर चढलेल्या. केस कुणी बघितलेच नाहीत. मग ठरल्यावर वनी माझ्याकडे आली. "शुभे, लग्नात तरी मला सरळ केस पायजेत. एक दिवस तरी." मी कोर्समध्ये स्ट्रेटनिंग शिकले होते, पण करून बघितलं नव्हतं कुणावर. पार्लर नवं, गिऱ्हाईक नाही, आणि जोह्या-हमरापूरकडची सगळी बायकामंडळी त्या लग्नाला येणार. वनीचे केस सरळ झालेले त्यांनी बघितले असते तर मला पाटी लावायचीसुद्धा गरज पडली नसती. मी हो म्हटलं. लग्न शुक्रवारचं होतं. तिला कारखान्यातून सुट्टी मिळाली बुधवारी.

क्रीमच्या खोक्यावर हिंदीत स्वच्छ छापलं होतं : तीन दिवस केस भिजवू नका, बांधू नका. मी ते वाचलं होतं. कोर्समध्येही बाईंनी चार वेळा सांगितलं होतं. बुधवार, गुरुवार, शुक्रवार... आणि गुरुवारी हळद, शुक्रवारी सकाळी न्हाण. नवरीला पाटावर बसवून पाच सवाष्णी डोक्यावरून पाणी घालतात, पहिला तांब्या आईचा. मी काय परदेशातून आले होते? आमच्या घरच्या चार लग्नांत मी स्वतः त्या पाटाभोवती सूत गुंडाळलं होतं. पण सांगितलं असतं तर वनी म्हणाली असती, मग नको. काकी म्हणाल्या असत्या, न्हाणाशिवाय कसली नवरी गो? मी गप्प बसले. बघू, पाणी थोडंच घालतील, वरून मी इस्त्री फिरवीन... असं मनाशी काहीतरी म्हटलं. सहा तास लागले. उठली तेव्हा केस कमरेच्या खाली, पाण्यासारखे सरळ. ती आरशात बघून हसतच सुटली, आणि मीही.

शुक्रवारी सकाळी काकींनी हळदीने माखलेल्या लेकीच्या डोक्यावर तांब्या रिकामा केला, मागोमाग बाकीच्या चौघींनी. आमच्या आगरी लग्नात हात आखडता घेत नाहीत. हंडाभर पाणी गेलं. अर्ध्या तासात ते केस ना सरळ ना कुरळे, जागोजागी मोडलेले, टोकांना हळद बसून पिवळट झालेले. मी घाईघाईने वरून इस्त्री फिरवली, तर वास सुटला आणि दोन बटा माझ्या हातातच आल्या. बायका गोळा झाल्या. "काय गो झालं हे?" कुणीतरी विचारलं. आणि मी, उचलली जीभ लावली टाळ्याला, काकींकडे वळून म्हणाले, "काकी, तुम्ही डोक्यावरून पाणी घातलंत ना! आता मी काय करू?" काकींच्या हातात रिकामा तांब्या तसाच. आम्ही उरलेल्या केसांना गंगावन जोडून, वर चार गजरे गुंडाळून वेळ मारून नेली. फोटोत काही कळत नाही. पण गावात झालं ते झालं : आईनंच लेकीचे केस घालवले. पुढे कितीतरी वर्षं जोह्याच्या हळदीत कुणी जास्त पाणी घातलं की बायका हसून म्हणायच्या, बघ हा, वनीच्या आईसारखं करू नकोस.

चार महिन्यांनी वनी पार्लरमध्ये आली. डोक्याला रुमाल. केस गळत नव्हते, तुटत होते, मधूनच. मुळाशी दोन बोटं नवे केस आलेले, ते तसेच, लहानपणीचे. त्याच्या खाली मेलेला सरळ झाडू. "वर काथ्या, खाली सुतळी," ती बोलली आणि रुमाल सोडला. मी पाणी आणायला आत गेले. परत आले तर ती कपाटावरचं क्रीमचं नवं खोकं हातात घेऊन वाचत होती. मी विचारलं, "काय बघतेस?" ती म्हणाली, "काय नाय," आणि खोकं होतं तिथे ठेवलं. "काप." मी म्हटलं, "मानेपर्यंत जातील. घरी काय म्हणतील?" ती म्हणाली, "काप गो."

घरी जे म्हणायचं ते म्हणालेच. सासूने दारातच विचारलं, "कोन मेला का काय तुझ्या माहेरचा?" आमच्याकडे लग्न झालेल्या बाईने केस कापणं म्हणजे अपशकुनच. दोन महिने तिला पदर डोक्यावरून खाली घेऊ दिला नाही. पण त्या दोन महिन्यांत पदराखाली वनीने एक गोष्ट केली. तिने कंगवा सोडला. हे तिने मला नंतर सांगितलं, माझ्याच खुर्चीत बसून. ती म्हणाली, "कारखान्यात आपण काथ्या कसा सोडवतो? सुका ओढला का तुटतो, त्याची भुकटी होते. म्हणून आदी भिजवायचा. मग बोटांनी, टोकाकडून, हळूहळू वर. मुळाकडून कदीच नाय. बाबा माझ्या हातावर मारायचे मुळाकडून धरला तर. आणि माझ्या डोक्याचं काय करत होतो आपण सगळे? रोज सुका काथ्या मुळापासून ओढत होतो." मी सहा महिन्यांचा कोर्स केलेली, भिंतीवर सर्टिफिकेट लावलेली बाई. मला हे कुणी शिकवलं नव्हतं. ज्या नावाने तिला आयुष्यभर चिडवलं, त्यातूनच तिने उत्तर काढलं. चिडवणाऱ्यांत मीही होतेच.

मग तिचं सगळं त्याच पद्धतीने. रविवारी केस धुवायचे, ओले असतानाच बोटांनी टोकाकडून मोकळे करायचे. अळशी उकळून तिचं बुळबुळीत पाणी मलमलच्या फडक्यातून गाळून घ्यायचं आणि केसांना चेपून लावायचं. टॉवेलने खसाखसा पुसायचं नाही, सासऱ्यांच्या जुन्या धोतराचं फडकं घेऊन नुसतं दाबायचं. मग वाळेपर्यंत हात लावायचा नाही, कितीही खाज सुटो. सासू ओरडली, लाडवांची अळशी डोक्याला फासते म्हणून. वर्षभराने त्याच सासूने गुपचूप स्वतःच्या डोक्याला लावून बघितलं आणि म्हणाली, "थंड वाटतं गो." दर दोन महिन्यांनी वनी गाडीने पेणला यायची आणि मी मेलेल्या टोकांतलं बोटभर कापायचे. दोन वर्षं लागली सगळी सुतळी जायला. शेवटचं टोक कापलं त्या दिवशी तिचं डोकं आरशात मावत नव्हतं. तिने दोन्ही हातांनी ते खालून वर उचललं, सोडलं, आणि बराच वेळ बघत राहिली. मग बोलली, "हे माझं हाय होय!" बस, तेवढंच. मला तेव्हा सांगून टाकायचं होतं. जिभेवर आलं होतं. पण इतकी छान दिसत होती, म्हटलं आज नको... आणि आज नकोचं उद्या कधी होत नाही.

मी एक मात्र मान्य केलं पाहिजे. या सगळ्या वर्षांत मी स्ट्रेटनिंग करणं सोडलं नाही. माझं दुकान त्यावर उभं राहिलं. पुढे वनी दर रविवारी पार्लरमध्ये येऊन, बाजूच्या खुर्चीत बसून एखाद्या कुरळ्या पोरीला अळशीचं पाणी समजावून सांगायची आणि शेजारी मी दुसरीच्या केसांवर इस्त्री फिरवत असायचे. तिने मला कधी टोमणा मारला नाही. मोबाईलवर व्हिडिओ बघून पोरी कुरळे केस जपायला लागल्या ते अलीकडे. वनीच्या रविवारी तर रोह्यापासून मुली येत. मी म्हटलं पाटीवर तुझं नाव घालू, तर म्हणाली, "नाव नको. नाव पडलं का लोकं गाऱ्हाणी घेऊन येतात."

सानिकाने आईचेच केस घेतले. सहावी-सातवीत असताना ती माझ्याकडे हट्टाला आली, मावशी, माझे सरळ कर. शाळेत तिला मॅगी म्हणायचे. आमच्या वेळी काथ्या होता, आता मॅगी, प्रगती म्हणायची ती हीच. मी वनीला फोन केला. ती पुढच्या गाडीने आली, शांत बसली आणि बोलली, "कर की. तिचं डोकं हाय. फक्त खोक्यावरचं सगळं वाचून दाखव तिला, मग ती ठरवील." मी खोकं घेतलं. वाचायला लागले. दोन ओळी, तीन ओळी... आणि ती ओळ आली. वनी दाराबाहेर एसटी स्टँडकडे बघत होती, जशी काही तिला रोह्याच्या एसटीची चिंता होती. मी वाचलं : तीन दिवस केस भिजवू नका. सानिका लगेच म्हणाली, "ई, तीन दिवस? आणि शाळेतून येताना पाऊस आला तर?" आणि विषय संपला, तिने वडापाव मागितला. वनी उठली, पदर सारखा केला. "चल," एवढंच बोलली. त्या दिवशी मला कळलं की तिला माहीत आहे. त्या पहिल्या दिवसापासून, खोकं हातात घेतलं तेव्हापासून माहीत आहे. तरी ती वर्षानुवर्षं माझ्या खुर्चीत येऊन मान खाली घालून बसत होती, आणि मी तिच्या मानेवर कात्री चालवत होते. पण तिला कळलं म्हणून माझं सुटलं असं नव्हतं. तांब्या तिच्या हातात नव्हताच, काकींच्या हातात होता.

शेवटची भेट गणपतीच्या आधीच्या रविवारी. दोन मुली आटपून ती निघाली, पायरीवर थांबली आणि म्हणाली, "शुभे, एकदा आईकडे जाऊन ये. आठवण काढते तुझी." मी म्हटलं, "जाते गं, हा सीझन संपू दे." ती हसली. "तुझा सीझन कदी संपतो?" आणि गेली.

निडीला पोचले तेव्हा तिला अंगणात आणलेलं होतं. सवाष्ण गेलेली, त्यामुळे सगळं साग्रसंगीत : हळद, कुंकू, हिरवी साडी, न्हाण. पुन्हा न्हाण... कुणीतरी भावकीतली बाई कंगवा घेऊन सुक्या केसांतून ओढत होती आणि तो अडकत होता. मी आजवर कुणाच्या मयतात तोंड उघडलेलं नाही. पण तिथे ओरडले, "सुके ओढू नका!" सगळ्या दचकल्या. मी तिच्या उशाशी बसले. काकी पलीकडे होत्या, वाळून एवढ्याशा झालेल्या, हातात पाण्याचा तांब्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "शुभा, डोक्यावरून घालू का गो?"

पंधरा-वीस बायका होत्या. वीस वर्षांपूर्वी होत्या त्यांतल्याही काही. मला वाटलं, ही बाई माझी लाज काढते आहे, आणि काढू दे, तिचा हक्क आहे. मग वाटलं, नाही, बिचारी अजून घाबरते, अजून तिला वाटतं आपल्या पाण्यानेच केस जातात. यातलं कुठलं वाईट, मला ठरवता येईना. मी नुसती मान डोलावली. त्यांनी पाणी घातलं. मी वनीचे केस बोटांनी सोडवले, टोकाकडून वर. ओले झाल्यावर ते नेहमीसारखे वळले. त्यांना काय कळतं, आत माणूस आहे की नाही. तेव्हा मी रडले. चांगली मोठ्याने रडले.

दिवाळी झाली, कारखान्यांचा नवा हंगाम सुरू झाला, तेव्हा एका सोमवारी पार्लर बंद ठेवून मी जोह्याला गेले. काकी पडवीत टब घेऊन बसल्या होत्या. पुतण्या कारखाना बघतो आता, पण काथ्या भिजवून सोडवायचं काम त्या कुणाला देत नाहीत. मी चपला काढल्या आणि उभ्यानेच सगळं सांगून टाकलं. खोक्यावर लिहिलं होतं. मी वाचलं होतं. न्हाण आहे हे मला माहीत होतं. माझ्या धंद्यापायी मी बोलले नाही, आणि मांडवात तुमच्या डोक्यावर खापर फोडलं. तुमच्या पाण्याने काही झालं नव्हतं, काकी.

त्यांनी मान वर केली नाही. हात टबातच. "म्हाइत हाय मला," बोलल्या. "वनीनं सांगितलंन तवाच. केस कापून आली ना, त्याच दिवशी हितं आलेली."

मी खालीच बसले. "मग तुम्ही कुणाला बोलला का नाहीत? सगळं गाव तुम्हाला..."

"तीच बोलली, आये, बोलू नको. शुभीला कळलं तर ती तोंड लपवील, मंग मी केसांसाठी कोनाकडं जाऊ? मी बोलले, ऱ्हावू दे माझ्या नावावर. आई हाय मी, माझं काय जातंय." त्यांनी काथ्याचा एक पुंजका पिळला. "येक वाईट वाटायचं. तू यायची बंद झालीस. शाळंतून दोघी यायच्यात, हितंच बसून पोहे खायच्यात... पेण काय लांब हाय गो?"

मी विचारलं, मग त्या दिवशी, निडीला, पाणी घालताना मला का विचारलंत? त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं, जरा नवलानेच. "तुला नाय इचारू तर कोनाला? तिच्या केसाचं तुलाच कळतं ना." चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हे. त्यांनी साधं विचारलं होतं, आणि दोन महिने मी त्या प्रश्नाने जळत होते.

आत कारखान्यात साचे ठोकल्याचा आवाज येत होता. काकींनी टबातून भिजलेला एक पुंजका काढला, पाणी निथळू दिलं आणि माझ्यापुढे टाकला. "बसलीच हायस तर सोडव." मी बाह्या वर केल्या. वीस वर्षं केसांत हात घालणारी मी. पुंजका उचलला आणि सवयीने मुळाकडून धरून ओढला.

"तसा नाय गो," काकी म्हणाल्या, आणि माझा हात धरून खाली नेला. "टोकाकडून."